कोर्टातला खाडा



या व्यासपीठावरून इतिहास, संतवाङ्मय, शेती, आरोग्य अशा विषयांवर जाणत्या मंडळींनी आपल्याला पुष्कळ ऐकवले आहे. आज माझ्यासारख्याने कोर्टकचेरीवर बोलायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. मी वकील नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते सूतगिरणीच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात. तेव्हा बोलण्याच्या ओघात कायद्याचा एखादा मुद्दा राहून गेला, तर सभेत वकीलमंडळी बसली आहेत, त्यांनी तो पुरा करावा. मला धीर देणारी एक गोष्ट मात्र आहे. पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ साली रानड्यांनी पाडली, तेव्हा ते न्यायखात्यातच नोकरीला होते. म्हणजे हा विषय या व्यासपीठाला अगदीच परका नाही.

आपल्याकडे म्हण आहे की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण चांगली आहे, पण तिच्या आधाराने पुष्कळांची घरे बुडालेली मी पाहिली आहेत. कारण पायरी चढायची की नाही हे ठरवणे वादीच्या हाती असते. प्रतिवादीला कोणी विचारीत नाही. त्याच्या दारात समन्स येऊन पडते, आणि त्या दिवसापासून पायरी न चढणे हाच वेडेपणा ठरतो.

गिरणीतल्या माणसाला हजेरीचे महत्त्व सांगावे लागत नाही. भोंगा झाला, फाटक लागले, की बाहेर राहिलेल्याच्या नावापुढे खाडा पडतो. त्याने कितीही खरी अडचण सांगितली तरी त्या दिवसाची मजुरी गेली ती गेली. कोर्टातही असा हजेरीपट असतो. त्याला रोजनामा म्हणतात. कोण हजर होते, कोण नव्हते, काय हुकूम झाला, हे सारे त्यात त्या त्या तारखेला लिहिले जाते. फरक इतकाच की, गिरणीतल्या खाड्याने एक दिवसाची मजुरी जाते आणि कोर्टातल्या खाड्याने राहते घर जाऊ शकते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून जे घडले तेच प्रथम सांगतो.

साधारण २००६ सालची गोष्ट. आमच्या खात्यातला एक कामगार एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहत होता. गिरणी बंद पडली आणि वर्ष-सव्वा वर्षाचे भाडे थकले. घरमालकाने रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती याने पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली. पुढे मालकाने दावा लावला. एके दिवशी दुपारी तो धावत युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "दादा, कोर्टाचा बेलिफ आलाय, कागद घ्या म्हणतो. काय करू?" मी तेव्हा पस्तिशीतला, अंगात मोर्च्यांची रग. मी म्हणालो, "घेऊ नकोस. कागद घेतला नाही तर दावा चालतच नाही. मालकाला फिरू दे दोन वर्षे." त्याने माझे ऐकले. बेलिफाला परत लावले. आणि दुःखाची गोष्ट अशी की, त्याच महिन्यात त्याचा गिरणीतला हिशोब मिळाला होता. सगळे थकलेले भाडे भरण्याइतके पैसे त्याच्या खात्यात जमा होते.

माझा तो सल्ला किती चुकीचा होता, हे कळण्यासाठी दाव्याची चाल समजून घेतली पाहिजे.

आपल्याकडील दिवाणी दावे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे चालतात. ती १ जानेवारी १९०९ पासून अमलात आहे. दावा दाखल झाला की कोर्ट प्रतिवादीला समन्स काढते. ते बेलिफ घेऊन येतो किंवा टपालाने येते. प्रतिवादी घरी नसेल आणि लौकर भेटण्यासारखा नसेल, तर घरातल्या सज्ञान माणसाकडे, मग तो पुरुष असो की स्त्री, ते देता येते. नोकराकडे दिलेले चालत नाही. प्रतिवादीने घेण्याचे नाकारले, तर बेलिफ समन्सची प्रत दारावर चिकटवतो, कोणासमक्ष चिकटवली ते लिहितो आणि तसा अहवाल कोर्टाला देतो. खात्री पटली की कोर्ट समन्सची बजावणी झाली असे ठरवते. टपालाचे पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आले, तरी तोच परिणाम. माणूस तोंड चुकवीतच राहिला, तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स देऊनही बजावणी होते. थोडक्यात म्हणजे, कागद न घेतल्याने दावा थांबत नाही. आपल्यावर कसला दावा आहे हे वाचण्याची संधी मात्र आपण घालवतो.

समन्सची बजावणी झाली की पहिली मुदत सुरू होते. प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे लेखी जबाब, ३० दिवसांच्या आत द्यावयाचा असतो. कारणे लिहून ठेवून कोर्ट ही मुदत वाढवू शकते, पण बजावणीपासून ९० दिवसांपर्यंत. १ जुलै २००२ पासून हा नियम आहे. ९१ व्या दिवशी काय, असा प्रश्न लगेच उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात सांगितले की, ही मुदत दिरंगाईला आळा घालण्यासाठी आहे, न्यायाधीशाचे हात बांधण्यासाठी नाही. खरोखरच अपवादाची परिस्थिती असेल तर ९० दिवसांनंतरही कोर्ट कैफियत घेऊ शकते. परंतु हा अपवाद आहे, आणि बहुधा खर्चाची रक्कम भरल्यावाचून तो मिळत नाही. व्यापारी स्वरूपाच्या ज्या दाव्यांना २०१५ चा व्यापारी न्यायालयांचा कायदा लागू होतो, तेथे तर १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच संपतो. तेथे गयावया करूनही उपयोग नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. आपल्यापैकी जे लहानमोठे कारखानदार किंवा व्यापारी आहेत, त्यांनी हा आकडा विशेष ध्यानात ठेवावा.

कैफियत दिली नाही तर काय होते? वादीने जे लिहिले ते कोणी नाकारलेलेच नाही, म्हणून कोर्ट ते खरे धरून निकाल देऊ शकते. देऊ शकते, असे मी म्हणतो. दिलाच पाहिजे असे नाही. वादीचे म्हणणे कागदावरच लंगडे असेल, तर न्यायाधीशाने डोळे मिटून त्याच्या पदरात निकाल टाकू नये, पुरावा मागावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली बजावले आहे. तरी आपली लढाई न्यायाधीशाच्या सावधपणावर सोडून घरी बसणे शहाणपणाचे नाही.

आता तारखांकडे वळू. प्रकरणाचा पुकारा होतो त्या वेळी कोण हजर आहे, यावर तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार, दोघेही गैरहजर. कोर्ट दावा काढून टाकू शकते. पण यात वादीचे फारसे बिघडत नाही. तो दावा पुन्हा नोंदवून घेण्याचा अर्ज करू शकतो, किंवा मुदत शिल्लक असेल तर नवा दावाही लावू शकतो.

दुसरा प्रकार, वादी हजर आणि प्रतिवादी गैरहजर. समन्स रीतसर बजावले गेले असेल, तर कोर्ट दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम करते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ लोक येथेच हातपाय गाळतात. एकतर्फी हुकूम वेगळा आणि एकतर्फी हुकूमनामा वेगळा. नुसता हुकूम झाला असेल आणि दावा अजून चालू असेल, तर प्रतिवादीने पुढच्या तारखेला हजर व्हावे. दावा ज्या टप्प्यावर असेल त्या टप्प्यापासून पुढे त्याला भाग घेता येतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली संग्रामसिंह यांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. मागे जे होऊन गेले ते पुन्हा उघडायचे असेल, तर मात्र त्या दिवशी का आलो नाही याचे सबळ कारण दाखवावे लागते. सुनावणी पुरी होऊन केवळ निकाल सांगायचा उरला असेल, तर ही वाट बंद होते. म्हणून "आता एकतर्फी झाले, जाऊन काय उपयोग?" असे म्हणून घरी बसू नये. जितके लौकर जाल तितके कमी गमवाल.

तिसरा प्रकार, प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर. प्रतिवादीने मागणी कबूल केली असेल तर तेवढ्यापुरता हुकूमनामा होतो. नाहीतर दावा काढून टाकला जातो. आणि येथे कायदा फार कडक आहे. त्याच कारणावरून वादीला पुन्हा नवा दावा लावता येत नाही. समजा, कोणी जागेसाठी विसार दिला, खरेदीखत होत नाही म्हणून दावा लावला, आणि ऐन तारखेला तो आषाढीच्या वारीत होता. वकीलही दुसऱ्या गावी होता. समोरचा हजर होता. दावा गेला. आता त्याला एकच वाट उरते, ती म्हणजे काढून टाकलेला दावा पुन्हा नोंदवून घेण्याचा अर्ज. तो ३० दिवसांत करावा लागतो आणि गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवावे लागते. वारीची तारीख महिनोन्महिने आधी ठाऊक असते. वकिलाला आधी सांगून तारीख मागता आली असती, असे कोर्टाने म्हटले तर आपल्यापाशी काय उत्तर आहे?

पहिल्या प्रकारात सूट आणि तिसऱ्यात कडकपणा, असे का, हे मलाही एके काळी कोडे होते. उत्तर साधे आहे. तिसऱ्या प्रकारात समोरचा माणूस मजुरी बुडवून, भाडे खर्चून कोर्टात येऊन बसलेला असतो. त्याला खेचून आणणाऱ्यानेच दांडी मारली. अशा माणसाला तोच दावा पुनःपुन्हा लावू दिला, तर प्रामाणिकपणे हजर राहणाऱ्याची सुटका कधी व्हायची?

एकतर्फी हुकूमनामाच होऊन बसला, तर प्रतिवादीला तो रद्द करून मागता येतो. त्याला दोनच कारणे चालतात. समन्स रीतसर बजावले नव्हते, हे एक, आणि पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नाही, हे दुसरे. बजावणीत किरकोळ चूक होती, पण तारीख आपल्याला ठाऊक होती आणि यायला वेळही होता, असे दिसले तर त्या चुकीचा फायदा मिळत नाही. अर्जाची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून ३० दिवस. हुकूमनाम्यावर अपीलही करता येते. परंतु अपील करून त्याचा निकाल लागला, तर मग तोच एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज चालत नाही. म्हणून कोणत्या दाराने जावयाचे हे वकिलाला विचारून ठरवावे.

'पुरेसे कारण' म्हणजे काय, याची यादी कायद्यात नाही. अंथरुणाला खिळवणारे आजारपण, घरातला मृत्यू, पुराने बंद पडलेला रस्ता, तारखेची चुकीची नोंद, अशी कारणे पुराव्यासह मांडली तर कोर्टे ती सहानुभूतीने पाहतात. उशिरा येण्यात माणसाचा काही फायदा नसतो, तेव्हा तो मुद्दाम उशीर करतो असे गृहीत धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली म्हटले आहे. वकील गैरहजर राहिल्याने खेड्यातल्या पक्षकाराचे अपील गेले, तेव्हा वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला देऊ नये, असेही त्याच न्यायालयाने १९८१ साली सांगितले. परंतु याचा अर्थ वकीलपत्रावर सही केली की आपली जबाबदारी संपली, असा कोणी करू नये. वर्षानुवर्षे चौकशी न करता शेवटी सारा दोष वकिलाच्या माथी मारणाऱ्याला कोर्टे उभे करीत नाहीत. आणि "शेजाऱ्याने सांगितले म्हणून आलो नाही", "पुढाऱ्याने सांगितले म्हणून कागद घेतला नाही", ही तर कारणेच नव्हेत.

तारीख मागून घेण्यालाही मर्यादा आहे. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असा २००२ पासूनचा नियम आहे. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे, हे तहकुबीचे कारण होत नाही, असेही त्यात लिहिले आहे. व्यवहारात तारखेवर तारीख पडताना आपण पाहतो, हे खरे. पुकारा होऊन न्यायाधीश रजेवर, दहा वेळा खेप फुकट, असेही होते. त्याचाच परिणाम म्हणून माणूस अकराव्या वेळी जात नाही, आणि नेमके त्याच दिवशी प्रकरण चालते. कोर्टांच्या दिरंगाईबद्दल आपण जरूर बोलावे. पण त्यांची दिरंगाई आपल्याला माफ असते आणि आपली त्यांना नसते, हे ओळखूनच वागले पाहिजे.

आता भाडेकरूंसाठी एक विशेष मुदत सांगतो. आमच्या त्या कामगाराचे घर तिच्यावरच अवलंबून होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. भाडे थकले म्हणून मालकाला जागा मागायची असेल, तर त्याने आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबले पाहिजे. तरीही भाडे आले नाही तर दावा. पण दावा लावल्यावरही कायदा भाडेकरूला आणखी एक संधी देतो. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत त्याने सारी थकबाकी, तिच्यावर दरसाल दर शेकडा १५ प्रमाणे साधे व्याज, असे कोर्टात भरले, पुढे निकालापर्यंत भाडे नियमित भरीत राहिला आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. किती उदार तरतूद आहे पाहा! पण ती ज्याने कागद घेतला आणि वाचला त्याच्यासाठी आहे. आमच्या माणसाच्या दारावर समन्स चिकटवले गेले, ९० दिवसांची घटिका सुरू झाली आणि संपली. पैसे त्याच्या खात्यात तसेच होते.

आणखी एक मुदत पुष्कळ घरांना चकवते. दावा चालू असताना वादी किंवा प्रतिवादी वारला, तर त्याचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज द्यावा लागतो. तसे झाले नाही आणि दाव्याचा हक्क वारसांकडे जाणारा असेल, तरी त्या माणसापुरता दावा आपोआप सरतो. त्यासाठी कोणाला हुकूम करावा लागत नाही. त्यानंतर ६० दिवसांत तो पुन्हा उभा करण्याचा अर्ज करता येतो. त्याच्याही पलीकडे गेले तर विलंब माफ करून घ्यावा लागतो. दुखवट्याच्या घरात तेराव्यानंतर महिना-दोन महिने कोणाला कोर्टाची आठवण होत नाही, आणि तेवढ्यात बापाने वीस वर्षे लढवलेला दावा हातचा जातो.

इतका वेळ मी दावा लागल्यानंतरच्या मुदतींबद्दल बोललो. दावा लावण्याचीही मुदत असते. ती १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात आहे. हातउसने दिलेले पैसे, परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर, दिल्या दिवसापासून तीन वर्षांत मागावे लागतात. दुसऱ्याच्या कब्जातल्या स्थावराचा ताबा मालकीच्या हक्काने मागायला, त्याचा कब्जा आपल्या हक्काविरुद्ध झाल्यापासून १२ वर्षे मिळतात. मुदत संपल्यावर लावलेला दावा, समोरच्याने हरकत घेतली नाही तरी, कोर्टाला काढून टाकावा लागतो. आणि येथे विलंबमाफीचा अर्ज चालत नाही. विलंबमाफी अपिलाला आणि बहुतेक अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. "देतो, देतो" या तोंडच्या वायद्याने मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी त्याच्या सहीची लेखी कबुली घेतली, तर मात्र त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. स्नेह्याकडून कबुली लिहून घेण्याचा संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण त्या संकोचापायी पैसाही जातो आणि स्नेहही राहत नाही.

निकालानंतर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची नक्कल मिळायला जो काळ लागतो तो यातून वजा होतो. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्यावा. मुदतीचा शेवटचा दिवस कोर्टाच्या सुटीत आला, तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी काम करता येते. आता उन्हाळ्याची सुटी तोंडावर आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. पहिल्या दिवशी म्हणजे पहिल्याच दिवशी. उलट ज्याच्या बाजूने पैशाचा किंवा ताब्याचा हुकूमनामा झाला आहे, त्याला त्याच्या बजावणीची दरखास्त देण्यास १२ वर्षे असतात. हरलेला विसरतो, जिंकलेला विसरत नाही, आणि दहाव्या वर्षी बेलिफ पुन्हा दारात उभा राहतो.

सर्वांच्या मुदती एकदमच थांबल्या, असा प्रसंग आपल्या आठवणीत एकच आहे. करोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदत मोजताना सोडून द्यावा असे ठरवले. सारा देश घरात बसला तेव्हा घड्याळ थांबले. एकट्यादुकट्याच्या अडचणीसाठी ते आपोआप थांबत नाही. अर्ज करावा लागतो, कारण सिद्ध करावे लागते.

आता त्या कामगाराची गोष्ट पुरी करतो. एकतर्फी हुकूमनामा झाला. आम्हाला कळले ते ताब्याचे वॉरंट घेऊन बेलिफ आला तेव्हा. तोवर ३० दिवस केव्हाच उलटले होते. समन्स बजावले गेले होते, म्हणून 'कळल्या दिवसापासून' ही सवलत नव्हती. उशीर माफ करावा, हुकूमनामा रद्द करावा, असे दोन अर्ज दिले. न्यायाधीशांनी त्याला विचारले, "कागद का घेतला नाही?" तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मला समजलं नाही, साहेब." माझे नाव त्याने घेतले नाही. घेतले असते तरी उपयोग नव्हता, पण त्याने घेतले नाही. अर्ज नामंजूर झाले, वर अपीलही गेले. त्याने खोल्या सोडल्या. घरमालकाला मी दोष देत नाही. तो प्रत्येक तारखेला हजर होता.

त्यानंतर मी कायद्याची पुस्तके वाचायला लागलो. युनियनच्या कचेरीत एक जाड वही ठेवली. कोणाकडेही कोर्टाचा कागद आला की तो कोणत्या दिवशी मिळाला, कैफियतीचा तिसावा दिवस कोणता, पुढची तारीख कोणती, हे त्याच दिवशी वहीत चढते. आपणही घरी हेच करा. कागद आला तर घ्या. घेतला म्हणजे कबूल केला असे होत नाही. मिळाल्याची तारीख त्याच्यावर लिहा. पाकीटही जपून ठेवा. आठ दिवसांत वकील गाठा. तारखेला वकील येणार असला तरी पुढची तारीख स्वतः विचारून घ्या. आता तर प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्टाच्या ॲपवर तो घातला की पुढची तारीख आणि झालेले हुकूम दिसतात. ते घरातल्या शाळकरी पोरालाही पाहता येते. येता येत नसेल तर आधी कळवा, आणि आजारी असाल तर डॉक्टरांचा कागद त्याच आठवड्यात घ्या. चुकलेच, तर दिवस न घालवता अर्ज द्या. उशिराच्या प्रत्येक दिवसाचा हिशोब द्यावा लागतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, ठरीव मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना फुकट वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. हा कायदा १९९५ पासून चालू आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तेथे साध्या कागदावर अर्ज करता येतो. २००६ साली आमचा माणूस औद्योगिक कामगार म्हणून तेथे जाऊ शकत होता की नाही, हे विचारण्याइतकेही मला ठाऊक नव्हते. कामगारांचे हक्क सांगत मी गावोगाव फिरत होतो, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

तो गृहस्थ आता गावाबाहेर मुलाकडे राहतो. शनिवारी बाजाराला आला की कचेरीत डोकावतो, चहा घेतो. मागे एकदा वही उघडून मी कोणाची तरी तारीख मांडीत होतो. तो बराच वेळ पाहत बसला आणि म्हणाला, "दादा, तेवढा कागद घ्यायला पाहिजे होता." एवढेच म्हणाला. त्याला मी काय उत्तर देणार? आपल्यापैकी कोणाच्या दारात उद्या असा कागद आला, तर तो हातात घ्यावा, तारीख लिहावी आणि त्या तारखेला कोर्टात उभे राहावे, एवढीच माझी विनंती आहे.